देव्हाऱ्यावरची पिवळी पाल

पाल आवडते असं म्हणणारं माणूस मला अजून भेटलेलं नाही. माझ्या सुनेनं परवा ओट्याच्या वर मोरपिसं बांधली, खिडकीत अंड्याची टरफलं मांडून ठेवली, आणि तरी पाल आपली ट्यूबलाइटच्या पट्टीवर पाय रोवून बसलेली. सून म्हणाली, आई, तुम्ही इतकी वर्षं शाळेत शिकवलंत, हिला घालवायचा एखादा उपाय सांगा की. मी म्हटलं, राहू दे गं, डास खाते बिचारी. खरं कारण मात्र मी तिला सांगितलं नाही. मी लहानपणी एक पाल पाळलेली आहे, तिचा पाय बरा केलेला आहे, आणि त्या पालीच्या निमित्तानं आमच्या घरात जे घडलं ते मी नवऱ्यालासुद्धा कधी धड सांगितलेलं नाही. ते सांगायला बसले असते तर कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या असत्या. म्हणून इथं लिहून ठेवते.

आमचं गाव कृष्णाकाठचं. सांगलीला जायचं तरी यस्टी आणि कऱ्हाडला जायचं तरी यस्टी, आणि दोन्हींची वेळ तिच्या मर्जीवर. ऊस सगळ्यांच्याच रानात होता, पण आमच्या घराची ओळख हळदीची. शिमग्याच्या आगेमागे रानातून हळद निघायची. मग मळ्यात मोठ्या काहिलीत ती शिजायची, आणि तो ओला, उग्र, मातीचा वास कपड्यांना, भाकरीला, अंथरुणाला लागायचा. अंगणभर हळकुंडं वाळत पडलेली असायची. त्यांच्यामधून पाय टाकत जाताना आई ओरडायची, "सुमे, खाली बघून चाल." घरातल्या सगळ्यांची नखं पिवळी. शाळेत मास्तर हात पुढे करायला सांगायचे तेव्हा माझे हात बघून म्हणायचे, तुझं रोजच लग्न असतं का गं? त्या दिवसांत आईला चुलीपाशी बसायला वेळ नसायचा, म्हणून सकाळी हुलग्याचं माडगं आणि रात्री पुन्हा हुलग्याचं माडगं. मला ते आवडायचं नाही. आता सांगलीत कुणी माडगं केलं तर मी दोन वाट्या पिते आणि तिसरी मागते.

हळद पिकवणाऱ्या घरात औषधही एकच. बोट कापलं, हळद. बैलाच्या खांद्याला घट्टा पडून तो फुटला, तेलात कालवून हळद. घसा धरला, दुधात हळद. दादांची सायकल पंक्चर झाली असती तर तिलाही पहिल्यांदा त्यांनी हळदच लावली असती. दादा म्हणजे माझे थोरले चुलते. माझे वडील पलटणीत होते, वर्षाकाठी रजेवर यायचे. दादाही पलटणीतच होते, हवालदार होऊन परत आले आणि घराचा, रानाचा आणि आम्हा सगळ्यांचा ताबा त्यांनी घेतला. त्यांना दादा म्हणायचे सगळेच, त्यांच्यापेक्षा मोठी माणसंसुद्धा. काकी फार लवकर गेल्या होत्या. दादा पहाटे उठून दाढी करायचे, बूट पुसायचे आणि मग ते बूट न घालता वहाणा घालून रानात जायचे. बोलणं थोडं. रागावले तरी आवाज चढायचा नाही, उलट खाली यायचा, आणि तो खाली आलेला आवाज आम्हाला जास्त भिववायचा.

एवढा करडा माणूस, पण कुठलीही गोष्ट स्वतःच्या मनानं ठरवायचा नाही. माजघरात आमचा देव्हारा होता. त्यात खंडोबाचा चांदीचा टाक, वर भिंतीवर देवाची तसबीर, आणि शेजारी वाटीत भंडारा, म्हणजे आमच्याच रानातली वस्त्रगाळ केलेली हळद. दादा आंघोळ करून यायचे, टाक ओला करायचे, त्याच्या उजव्या-डाव्या अंगाला तगरीचं एकेक फूल चिकटवायचे आणि देवाला विचारायचे. उजवं पडलं तर व्हय, डावं पडलं तर न्हाई. असा कौल देवळात गुरव लावतो, पण दादांचा देवावर आणि स्वतःवरही भरवसा असल्यामुळे ते घरीच लावायचे. बैल विकायचा, कौल. हळद औंदा सांगलीला कधी न्यायची, कौल. मला मराठी शाळेच्या पुढे शिकवायचं की नाही, त्यालाही कौल लागला होता आणि उजवं फूल पडलं होतं. पुढे मी बत्तीस वर्षं मास्तरीण म्हणून पगार घेतला तो त्या फुलाच्या जिवावर, असं म्हणायला हरकत नाही. तेव्हा मला त्याचं फार कौतुक होतं. फूल डावीकडून पडलं असतं तर, हा विचार मला फार उशिरा सुचला.

दादांची धाकटी बहीण म्हणजे आमची तारा आत्या. तिला मेढ्याच्या बाजूला, डोंगरात दिलेली. नवरा मुंबईला असायचा, गावी आला की प्यायचा आणि मारायचा. एका दिवाळीला ती माहेरी आली आणि परत जायचं नाही म्हणाली. म्हणाली ती आईला, दादांना नाही. दादांच्या समोर उभं राहून बोलायची आमच्याकडे बायकांची रीतच नव्हती. आईनं दादांना सांगितलं, दादांनी धाडायची का म्हणून कौल लावला आणि उजवं फूल पडलं. आत्या गेली. आठ महिन्यांनी ती एकटीच यस्टीतून उतरून चालत घरी आली तेव्हा तिचं डावं मनगट मोडून वाकडं बसलेलं होतं. मनगट कुणी मोडलं हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि बोलत कुणी नव्हतं. दादांनी त्या दिवशी तिच्या हाताकडे एकदा बघितलं आणि रानात निघून गेले, ते दिवेलागणीलाच आले. त्यानंतर आत्या आमच्याकडेच होती. हळकुंडं मोडणं, निवडणं, भाकऱ्या थापणं, सगळं ती त्या वाकड्या हातानं करायची आणि आईपेक्षा भराभर करायची. तिच्याजवळ मी झोपायचे. ती मला केस विंचरताना कुणाकुणाच्या नकला करून दाखवायची. माझ्या मास्तरांची नक्कल तर अशी, की दुसऱ्या दिवशी शाळेत मला त्यांच्याकडे बघायची चोरी.

हळद शिजायचे दिवस होते. काहिलीचा धूर वाऱ्यानं घराकडे वळला तशी आत्या मागच्या खोलीची खिडकी लावायला गेली. त्या खोलीत हळदीची पोती आणि बी-बियाणं असायचं. तिनं फळी ओढली आणि एकदम मागे सरकली. बिजागरीत एका पालीचा मागचा पाय सापडला होता. पाल तोंड उघडून, सगळं अंग ताठ करून तिथंच लटकत होती. आत्यानं फळी सोडवली, पाल खाली पोत्यावर पडली आणि पळाली नाही. तिच्या पायाची दोन बोटं चेचली होती. मी वाकून बघत होते, मला थोडी मजाच वाटत होती. वर बघितलं तर आत्या खाली बसलेली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहतंय. एवढी मोठी बाई एका पालीसाठी रडते हे मला काही कळेना. मनगट मोडून आली त्या दिवशी ती रडली नव्हती. मी म्हटलं, आत्या, पाल तर हाय. ती म्हणाली, "व्हय, पालच हाय. पर मी मोडला की गं तिचा पाय."

मग आम्ही ती पाल पाळली. लोणच्याची एक काचेची बरणी रिकामी होती, तिच्यात कौलाचा तुकडा घातला, तोंडाला मलमलीची चिंधी बांधली आणि बरणी पोत्यांच्या मागे ठेवली. घरात कळलं असतं तर दोघींची धडगत नव्हती. आई पालीला इतकी भ्यायची, की भिंतीवर पाल दिसली तर दुधाचं भांडं आधी झाकायची आणि मग स्वतः बाहेर पळायची. पाल दुधात पडली तर अख्खं घर झोपल्या जागी जातं, हे तिनं मला चालायला शिकवायच्या आधी शिकवलं असेल. दादा पाल चुकचुकली की जमिनीवर बोटं आपटून कृष्ण कृष्ण म्हणायचे आणि मग काठीनं तिला हाकलायचे. म्हणजे तिची साक्षही घ्यायची आणि तिला घराबाहेरही काढायचं. बरणीत पाल चुकचुकली तर काय करायचं, ही आमची रोजची काळजी होती. पण आमची पारू शहाणी निघाली. पारू हे नाव मी ठेवलं. बारा दिवसांत ती एकदाही बोलली नाही.

पहिल्या दिवशी आत्यानं खोबरेल तेलात चिमूट हळद कालवली, कापसाची बारीक वात केली आणि त्या वातीच्या टोकानं तिच्या पायाला लावली. पाल हातात धरायची म्हणजे माझ्या अंगावर काटा आला. तिचं पोट मऊ, गार, आणि आतलं काळीज इतकं भरभर उडत होतं की माझ्या बोटाला ते कळत होतं. आत्या मात्र वाकड्या हाताच्या तळव्यात तिला अलगद धरून बसायची. दोन दिवस पारूनं काही खाल्लं नाही. मी मेलेल्या माश्या टाकल्या, तिनं ढुंकून बघितलं नाही. तेव्हा आत्याच्या लक्षात आलं की पाल हलणारंच खाते. मग मी केरसुणीच्या काडीला दोरा बांधून त्याला माशी लावायचे आणि बरणीत नाचवायचे. तिसऱ्या दिवशी तिनं मान किंचित तिरकी केली आणि एका झटक्यात माशी ओढून नेली. मला इतका आनंद झाला की मी आईला सांगायला धावले आणि स्वयंपाकघराच्या दारात पोचल्यावर आठवलं, की सांगायचं नाहीये. आईनं विचारलं काय गं, तर मी म्हटलं भूक लागली. आईनं माडगं वाढलं. ते सगळं प्यावं लागलं.

पाणी ती भांड्यातून प्यायची नाही. आत्या काचेवर बोटानं थेंब शिंपडायची आणि ती ते चाटायची. रोज शाळेतून आले की मी पोत्यांच्या मागे जाऊन पालथी पडायचे आणि तिच्याकडे बघत बसायचे. पाल इतक्या जवळून कुणी बघत नाही. तिच्या डोळ्याला पापणी नसते, जिभेनं ती डोळा पुसते. पोटावरची कातडी इतकी पातळ, की खाल्लेली माशी आत दिसते. आत्याही हातातलं काम टाकून येऊन बसायची. ती फारसं बोलायची नाही तिथं. एकदाच म्हणाली, हिला आता पाय टेकता यायला लागलाय, आता हिला सोडलं पाहिजे. मी म्हटलं, अजून चार दिवस. मला ती जायला नको होती.

त्याच आठवड्यात मेढ्याहून निरोप आला. आत्याचे सासरे आणि चुलत सासरे रविवारी येणार होते, सुनेला न्यायला. मुलगा सुधारलाय, दारू सुटलीय, असं त्यांचं म्हणणं होतं. दादांनी निरोप घेऊन आलेल्या माणसाला सांगितलं, या, रविवार देवाचा वार आहे, देव सांगेल तसं करू. आत्या हे चुलीपाशी बसून ऐकत होती. तिच्या हातातली भाकरी तव्यावर करपली, तिला कळलंच नाही. त्या रात्री अंथरुणावर मी तिला विचारलं, तू जाणार का गं? ती म्हणाली, फूल सांगंल तसं. दुसऱ्या दिवसापासून तिच्या नकला बंद झाल्या.

आता माझा गुन्हा सांगते. मला वाटलं, आत्या जायच्या आत पारूचा पाय पुरता बरा व्हायला हवा, म्हणजे ती तो बघून जाईल. वातीच्या टोकानं लावलेल्या एवढ्याशा हळदीनं काय होणार? शनिवारी शाळा सकाळची होती. दुपारी सगळे मळ्यात गेले होते. मी देव्हाऱ्यातली भंडाऱ्याची वाटी घेतली, तीच हळद सगळ्यात बारीक आणि देवाची म्हणजे सगळ्यात गुणाची. त्यात तेल ओतलं, पालीला बरणीतून काढलं आणि नाकापासून शेपटीपर्यंत तिला माखलं. आमच्याकडे नवरीलाही इतकी लावत नाहीत. पारू आधी गप्प होती, मग तिनं अंगाला असा हिसका दिला की माझ्या हातातून निसटली, पोत्यावरून भिंतीवर आणि भिंतीवरून आढ्याला. पाय बरा झाला होता यात शंका नाही. वाटी धुऊन पुन्हा भरून ठेवायचं भान मला राहिलं, पण आत्याला सगळं सांगावंच लागलं. आठवड्यात पहिल्यांदा ती हसली. हसता हसता म्हणाली, जाऊ दे, गेली ती सुटली, पिवळी का होईना. माझी नात आता फोनवर बघून मला सांगते की पालीला तेल-हळद लावणं अगदी चूक, तिची कातडी गुदमरते. असेल. आमची पारू त्यातून जगली, महिन्याभरात तिचा रंगही उतरला, आणि अधू पायाची पाल आम्ही पुढे दोन पावसाळे त्या घरात बघत होतो.

रविवारी सकाळच्या गाडीनं पाहुणे आले. सासरे म्हातारे होते, पांढरा फेटा, बोलणं गोड. येताना माझ्यासाठी चुरमुरे आणले होते. मी ते घेतले आणि मागच्या दारी जाऊन कोंबड्यांना टाकले. पाहुणे सोप्यात घोंगडीवर बसले. आईनं त्यांना गूळपाणी दिलं आणि पुरणाचं घातलं, कारण कौल काहीही पडला तरी पाहुणा तो पाहुणा. आत्यानं न सांगता आपली दोन लुगडी पेटीत भरून ठेवली होती. मी ती पेटी बघितली आणि मला कळलं की उजवंच फूल पडणार हे तिनं धरून ठेवलंय.

दादा आंघोळ करून माजघरात आले. पाट मांडला, समई लावली. आई दाराशी, आत्या तिच्या मागे भिंतीला टेकून, आणि मी आत्याच्या पदराला धरून. पाहुणे सोप्यातच होते, मधल्या दारातून त्यांना आमची पाठ दिसत असेल, देव्हारा नाही. दादांनी टाक ओला केला, दोन फुलं लावली आणि हात जोडून सावकाश म्हणाले, द्येवा, हिला धाडायची असंल तर उजवं दे, ठिवायची असंल तर डावं दे. मग आम्ही वाट बघत बसलो. फुलं काही पडेनात. एरवी दोन-चार मिनिटांत निकाल लागायचा. त्या दिवशी समईची वात एकदा पुढे सारावी लागली. बाहेर पाहुणे खाकरत होते. दादांच्या पाठीवरून घामाचा ओघळ खाली आला. मला वाटतं तेही मनातून भीत होते. मागच्या खेपेचं उजवं फूल ते विसरले नसणार.

आणि तसबिरीच्या मागून पारू बाहेर आली. समईवर चिलटं जमली होती, त्यांच्या मागावर आली असणार. ती डोक्यापासून शेपटीपर्यंत भंडाऱ्यासारखी पिवळीधमक, समईच्या उजेडात तर झळकतच होती. भिंतीवरून ती देव्हाऱ्यावर उतरली, डाव्या खांबावर येऊन थांबली, आणि एका चिलटावर झेप घेताना तिची शेपटी टाकाला लागली. डावं फूल खाली पडलं. दादांनी कपाळ जमिनीला टेकलं आणि भरल्या आवाजात येळकोट येळकोट म्हणाले. त्यांना वाटलं, प्रत्यक्ष देव आला. आईनंही हात जोडले, पालीला भिणाऱ्या माझ्या आईनं.

मला इतका आनंद झाला होता की उडी मारावीशी वाटत होती. आत्या राहणार होती. कुणाला काही कळायचं कारण नव्हतं, आम्ही दोघीच सोडल्या तर. दादा उठले, डोळे पुसले आणि पाहुण्यांना सांगायला दाराकडे वळले. तेवढ्यात आत्या भिंतीपासून सुटली आणि पुढे झाली. तिच्या मनात काय आहे ते मला कसं कोण जाणे, पण कळलं. मी तिचा पदर मागे ओढला. तिनं तो माझ्या मुठीतून हळूच सोडवून घेतला.

"दादा, थांबा," ती म्हणाली. "ती हळद आमी लावलीया."

दादांना काही समजलं नाही. मग तिनं खाली बघत, पण न अडखळता सगळं सांगितलं. खिडकीची फळी, चेचलेला पाय, बरणी, माश्या, तेल आणि हळद. आमी म्हणाली, माझं नाव तिनं घेतलं नाही. भंडाऱ्याची वाटी मी विटाळली होती, पिवळी पाल मी केली होती, आणि मी तिथं उभी राहून एक अक्षर बोलले नाही. त्याची लाज मला आज सत्तरीतही वाटते. दादांनी देव्हाऱ्याकडे बघितलं. पारू अजून खांबावरच होती आणि तिचा मागचा पाय बाकीच्यांपेक्षा वेगळा टेकत होता, ते त्यांना दिसलं असावं. ते पाटावर खाली बसले. त्यांचा आवाज खाली गेला होता.

"मग गप का न्हाई बसलीस? कौल तुज्याच बाजूचा पडला हुता की."

"आज पडला," आत्या म्हणाली. "फुडच्या खेपंला उजवं पडलं, तर पुन्ना धाडशीला. मला पालीचं ऐकून ठिवू नगा, दादा. माजं ऐकून ठिवायची असली तर ठिवा."

दादांच्या पुढे असं कुणी बोललेलं आईनं ऐकलं नव्हतं, मीही नाही. मी दादांच्या हाताकडे बघत होते, कारण मला वाटलं आता हात उठणार. तो उठला नाही. दादा त्या पडलेल्या फुलाकडे बघत राहिले आणि बघता बघता त्यांची नजर आत्याच्या डाव्या मनगटावर गेली. ती आली त्या दिवसानंतर त्या मनगटाकडे त्यांनी बघितलेलं मी पाहिलं नव्हतं. समईत तेल कमी झालं होतं, वात तडतडत होती, आणि कुणीच ती सारायला पुढे होत नव्हतं.

"बोल मग," दादा म्हणाले. "तुजं काय म्हननं हाय?"

"मला जायाचं न्हाई."

एवढंच. तिनं नवऱ्याचं नाव घेतलं नाही, माराचं सांगितलं नाही, रडली नाही. दादांनी टाकावरचं दुसरं फूल आपल्या हातानं काढलं आणि दोन्ही फुलं तबकात ठेवली. गुडघ्यावर हात देऊन ते उठले. वयापेक्षा म्हातारे दिसले मला ते उठताना. सोप्यात जाऊन पाहुण्यांच्या समोर उभे राहिले, बसले नाहीत. आम्ही तिघी मधल्या दाराआड. आत्याचा हात माझ्या खांद्यावर होता आणि तो इतका जड झाला होता की मला खांदा हलवता येईना.

सासऱ्यांनी विचारलं, कौल काय पडला. दादा म्हणाले, कौल ऱ्हाऊ द्या, आमची तारा न्हाई म्हनती. चुलत सासरे एकदम उठायला लागले, पण सासऱ्यांनी त्यांना हातानं खाली बसवलं. म्हाताऱ्यानं फेटा काढून मांडीवर ठेवला. त्यांना राग आला नव्हता, ते खरंच चकित झाले होते. आपण कधी न ऐकलेली गोष्ट समजून घ्यावी तसं त्यांनी विचारलं, "हवालदार, आवं बाईमानूस न्हाई म्हनती, एवढ्यावर आमी मागारी जायाचं व्हय?"

दादा म्हणाले, "व्हय."